बोगद्यात बस पेटली तर? (भागाचा लिखित मजकूर)

ज्यांना ऐकायला वेळ नाही, बसमध्ये इअरफोन विसरलेत किंवा धानोरा-एटापल्लीकडे नेट गोगलगायीसारखं चालतंय, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा मजकूर. बोलतानाचे "अं", "म्हणजे" थोडे कमी केलेत, बाकी तसंच ठेवलंय.

मागच्या आठवड्यात गडचिरोली जिल्ह्यातल्या एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. तो मुंबईला शिकतो आणि सुट्टीत ट्रॅव्हल्सने येणं-जाणं करतो. त्याचा प्रश्न असा, "ताई, आता समृद्धीवर इगतपुरीपाशी इतका लांब बोगदा झाला. आम्ही त्यातून रात्री झोपेत जातो. तिथं बस पेटली तर पळायचं कुठं?"

प्रश्न ऐकून पहिला विचार आला की आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत रस्त्याचा बोगदा आहेच कुठे? आपल्याकडे सरळ रस्ता, दोन्ही बाजूंनी साग नाहीतर मोह, आणि मध्ये एखादं अस्वल. पण आपण जातो ना तिकडून. शिक्षण, नोकरी, टाटा हॉस्पिटल, परीक्षा, सगळं मुंबई-पुण्याकडे. आणि दुसरं म्हणजे बोगदा आपल्याला वाटतो तितका परका नाही. चंद्रपूर-बल्लारपूरच्या खाली शंभर वर्षांहून जास्त काळ माणसं बोगद्यातच काम करत आली आहेत. त्याला आपण खदान म्हणतो, एवढाच फरक.

आधी आपल्या रस्त्यावरची गोष्ट. १९ मे २०२२ ची रात्र. चंद्रपूर-मूल रस्त्यावर अजयपूरजवळ डिझेलचा टँकर आणि लाकडं भरलेला ट्रक समोरासमोर धडकले. दोन्ही पेटले. नऊ माणसं गेली. आग बाजूच्या झाडांपर्यंत पोहोचली आणि विझायला कित्येक तास लागले. गडचिरोलीला जाणाऱ्यांचा हा रोजचा रस्ता आहे, त्यामुळे तुमच्यापैकी अनेकांना ती बातमी आठवत असेल.

आता हाच अपघात मनातल्या मनात उचला आणि बोगद्यात ठेवा. दोन्ही गाड्या त्याच, डिझेल तेच, लाकूड तेच. पण वर आकाश नाही.

आपल्याकडे वणवा सगळ्यांनी पाहिलाय. फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनपर्यंत वनखात्याचा आगीचा हंगाम असतो, जाळरेषा काढतात, मोह वेचायच्या दिवसांत पाला पेटतो. वणव्यात आपण काय बघतो? वारा कुठून आहे ते. धूर मात्र वर जातो, निदान बराचसा. बोगद्यात धूरही वर जातो, पण पाच-सात मीटरवर छत लागतं. मग तो छताला चिकटून दोन्ही बाजूंना पसरतो. सुरुवातीला खाली स्वच्छ हवेचा थर राहतो, माणूस उभा राहून चालू शकतो. जसजसा धूर लांब जातो तसतसा तो थंड होतो आणि खाली बसायला लागतो. काही मिनिटांत छतापासून रस्त्यापर्यंत काळोख. म्हणजे आगीपासून तीनशे-चारशे मीटर दूर असलेला माणूससुद्धा सुरक्षित नसतो. उलट ज्वाळा दिसत नाहीत म्हणून तो गाडीतच बसून राहतो.

बोगद्यातल्या आगीत माणसं बहुतेकदा भाजून मरत नाहीत, धुराने मरतात. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातली ऑक्सिजनची जागा तो बळकावतो. आधी डोकं जड होतं, मग पाय ऐकत नाहीत, आणि विचार करायची ताकदच जाते. एक गैरसमज इथंच काढून टाकते, ओला रुमाल तोंडाला लावला की काम झालं हा. ओल्या कापडाने काजळी थोडी अडते, डोळे-घसा थोडा कमी जळतो. कार्बन मोनॉक्साइड अजिबात अडत नाही. रुमाल भिजवायला बाटली शोधत बसू नका, चालायला लागा.

हे मला कुणी शिकवलं? माझ्या मामांनी. ते भूमिगत खाणीत मायनिंग सरदार होते, आता निवृत्त आहेत. या भागासाठी त्यांच्याशी दोन तास बोलले. त्यातले दीड तास ते "आमच्या वेळी" यावर होते, ते कापलेत. [हसू]

मामांचं म्हणणं साधं आहे. खदानीत उतरल्यावर पहिली गोष्ट कळली पाहिजे ती म्हणजे हवा कुठून येते आणि कुठं जाते. प्रत्येक भूमिगत खाणीत ताजी हवा आत येण्याची एक वाट असते आणि वापरलेली हवा बाहेर जाण्याची दुसरी, तिला रिटर्न म्हणतात. वर जमिनीवर एक भला मोठा पंखा चोवीस तास हवा खेचत असतो. आग लागली तर धूर याच हवेवर स्वार होऊन निघतो. आग रिटर्नमध्ये लागली तर धूर बाहेर जातो. ताजी हवा येण्याच्या वाटेवर लागली, तर तोच पंखा धूर थेट कामगारांच्या तोंडावर नेऊन सोडतो.

ही पुस्तकातली भीती नाही. २५ जानेवारी १९९४ ला पश्चिम बंगालमधल्या न्यू केंदा खाणीत जमिनीखाली आग लागली आणि ५५ कामगार गेले. ज्वाळांनी नाही, कार्बन मोनॉक्साइडने. धूर हवेबरोबर त्यांच्यापर्यंत पोहोचला.

मग पंखा बंद करायचा? की उलटा फिरवायचा? मामा म्हणाले, "काहून घाई करतेस? आत माणसं कुठं आहेत हे माहीत नसताना पंख्याला हात लावणारा माणूस आगीपेक्षा धोकादायक." उलटी हवा एका टोळीला वाचवते आणि दुसरीला मारू शकते. म्हणून तो निर्णय कुणी, कधी घ्यायचा हे आधी कागदावर ठरलेलं असतं. मला वाटतं आपत्कालीन नियोजन या जड शब्दाचा सगळा अर्थ एवढाच आहे. घाबरलेल्या माणसाला तिथल्या तिथे नवीन काही ठरवायला लागू नये.

कमरेला लावायचा सेल्फ रेस्क्यूअर नावाचा एक डबाही असतो. त्याच्या जुन्या प्रकारात कार्बन मोनॉक्साइडचं रूपांतर करणारं रसायन असतं आणि विषारी हवेत ते तापतं, श्वास गरम लागायला लागतो. नवख्या कामगाराला वाटतं डबा बिघडला, म्हणून तो तोंडातून काढून टाकतो. मामा प्रशिक्षणात हेच पुन्हा पुन्हा सांगायचे की गरम लागतंय म्हणजे तो काम करतोय, काढू नको. आणि दिव्याची खोली! खाली जाताना प्रत्येकजण आपल्या नंबरचा दिवा घेतो, वर आल्यावर परत करतो. पाळी संपल्यावर हुकावर जो दिवा नाही, तो माणूस अजून खाली आहे. कॉम्प्युटर नव्हता तेव्हापासूनची ही पद्धत. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता जगातला सगळ्यात जास्त अभ्यासला गेलेला बोगद्यातला अपघात. फ्रान्स आणि इटलीला जोडणारा माँ ब्लाँ बोगदा, ११.६ किलोमीटर लांब, एकच नळी आणि दोन्ही दिशांची वाहतूक. २४ मार्च १९९९ ला एक ट्रक आत शिरला. माल काय होता? मार्गारिन आणि पीठ. म्हणजे स्वयंपाकघरातलं सामान. पेट्रोल नाही, गॅस नाही. ट्रकमधून धूर येतोय हे चालकाला आत गेल्यावर कळलं, त्याने मधोमध गाडी थांबवली आणि क्षणात भडका उडाला. आग ५० तासांहून जास्त चालली. ३९ जण गेले. बहुतेक जण आपापल्या गाडीत किंवा गाडीच्या आसपासच सापडले. लोकांना वाचवायला मोटरसायकलवरून आत गेलेला एक सुरक्षा कर्मचारीही त्यात गेला.

तिथं काय चुकलं? बोगद्याची अर्धी बाजू एका देशाच्या कंट्रोल रूमकडे, अर्धी दुसऱ्याच्या. हवेची यंत्रणा दोघांनी आपापल्या परीने चालवली. एका बाजूने जिथे धूर खेचायला हवा होता तिथे ताजी हवा सोडली गेली, आणि धूर अडकलेल्या गाड्यांकडे ढकलला गेला. मामांचं वाक्य आठवलं ना? पंखे होते. पंख्यांवर कुणाचा हात, हे एका जागी ठरलेलं नव्हतं.

यानंतर नॉर्वेमध्ये रुनेहामार नावाच्या वापरात नसलेल्या बोगद्यात २००३ साली मुद्दाम आगी लावून मोजमाप केलं गेलं. ट्रकवर लाकडी आणि प्लास्टिकचे पॅलेट, साधा माल. एका चाचणीत उष्णता सुमारे २०० मेगावॅटपर्यंत गेली. अंदाज यावा म्हणून सांगते, आपल्या चंद्रपूर महाऔष्णिक केंद्रातला जो लहान संच आहे तो २१० मेगावॅटचा. तिथं वीज मोजतात, इथं उष्णता, दोन्ही एक नाही हे मला ठाऊक आहे, अभियांत्रिकीवाल्यांनी मेसेज करू नयेत! पण एक मालट्रक त्या आकड्याच्या जवळ जातो. साधी कार धरतात सुमारे ५ मेगावॅट, बस २० ते ३०. म्हणून बोगद्यात खरी भीती कारची नसते. तुमच्या पुढे चाललेला लाकडाचा ट्रक हा "ज्वलनशील" असा बोर्ड न लावलेला टँकरच समजा.

आता समृद्धीकडे येऊ. इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला आणि ७०१ किलोमीटरचा नागपूर-मुंबई रस्ता पूर्ण झाला. त्याच टप्प्यात इगतपुरी-कसारा दरम्यान पावणेआठ किलोमीटरचा जुळा बोगदा आहे. जुळा हा शब्द महत्त्वाचा. जायला एक नळी, यायला दुसरी, आणि मध्ये ठरावीक अंतरावर दोघांना जोडणाऱ्या आडव्या वाटा. माँ ब्लाँमध्ये ही दुसरी नळी नव्हती. इथे आग तुमच्या नळीत असेल तर शेजारची नळी ही तुमची सुटकेची जागा. शिवाय आत उष्णता ओळखून उच्च दाबाने पाण्याचं बारीक धुकं सोडणारी यंत्रणा बसवली आहे. असं धुकं मोठी आग पूर्ण विझवेलच असं नाही, पण तिला वाढू न देणं आणि हवा थंड ठेवणं हे त्याचं मुख्य काम.

छताला विमानाच्या इंजिनासारखे दिसणारे गोल पंखे असतात, ते जेट फॅन. गाड्या ज्या दिशेने चालल्यात त्याच दिशेने ते धूर ढकलतात. का? कारण आगीच्या पुढे असलेल्या गाड्या चालत्या असतात, त्या बाहेर निघून जातात. मागे अडकलेल्यांच्या पाठीवर ताजी हवा येत राहते. यासाठी हवेचा वेग साधारण सेकंदाला तीन मीटर लागतो, म्हणजे आरामात सायकल चालवण्याचा वेग. त्यापेक्षा कमी पडला तर धूर छताला धरून उलटा मागे सरकतो.

घाटातल्या बोगद्याची आणखी एक गंमत, गंमत म्हणायची म्हणून. मुंबईकडे जाताना आपण सह्याद्री उतरतो. गरम धुराला वर चढायचं असतं, म्हणजे इगतपुरीकडे, म्हणजे मागे अडकलेल्या लोकांकडे. पंख्यांनी त्याला निसर्गाविरुद्ध खाली ढकलायचं असतं. म्हणून ते पंखे, त्यांची वीज आणि त्यांची दर महिन्याची तपासणी हा माझ्या मते त्या बोगद्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. उद्घाटनाच्या रीलमध्ये मात्र रंगीत दिवेच दिसतात.

तर त्या श्रोत्याला उत्तर. कुठं पळायचं?

तुमची गाडी पेटली असेल आणि चालत असेल, तर शक्यतो बोगद्याबाहेर काढा. निघत नसेल तर कडेला घ्या, इंजिन बंद, किल्ली गाडीतच, आणि उतरा. आगीच्या मागे अडकलात तर गाडी वळवायची नाही, रिव्हर्स घ्यायचा नाही. मागून ट्रक येतायत. उतरून आगीपासून दूर, म्हणजे जिकडून आलात तिकडे, हिरव्या पळणाऱ्या माणसाची पाटी दिसेल त्या दारापर्यंत चालायचं. धूर आलाच तर भिंतीला हात लावून, वाकून. दार उघडून पलीकडे गेलात की मागे बंद करा, उघडं ठेवलं तर धूरही तुमच्याबरोबर येतो. पलीकडच्या नळीत लगेच रस्त्यावर धावू नका, तिथं गाड्या सुरू असू शकतात. भिंतीवरचा आपत्कालीन फोन दिसला तर मोबाईलआधी तो उचला, कारण तुम्ही नेमके कुठं आहात हे कंट्रोल रूमला त्यावरून कळतं. मोबाईलवर ११२ लावलात तर "बोगद्यात" एवढंच सांगून पुरत नाही. कोणत्या दिशेची नळी आणि भिंतीवरचा जवळचा नंबर सांगा.

आणि व्हिडिओ काढत थांबू नका. हे सांगायला लागू नये, पण लागतं.

पण तू तर बसमध्ये झोपलेला असणार, भाऊ. इथं मला बोगद्यापेक्षा बसची जास्त काळजी वाटते. ८ ऑक्टोबर २०२२, पहाटे नाशिकजवळ यवतमाळहून मुंबईला चाललेली खाजगी बस ट्रकला धडकून पेटली, १२ जण गेले. १ जुलै २०२३, मध्यरात्रीनंतर समृद्धीवर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली बस उलटून पेटली, २५ जण गेले. दोन्ही बस आपल्या विदर्भातून निघालेल्या. दोन्ही अपघात उघड्या आकाशाखाली. सिंदखेडराजाच्या वेळी बस दाराच्या बाजूवर पडली, दार जमिनीला लागलं. जे वाचले ते काच फोडून बाहेर आले.

म्हणून बसमध्ये चढल्यावर रील सुरू करायच्या आधी दोन गोष्टी बघा. आपत्कालीन दार कुठं आहे आणि त्याच्यासमोर कुणाची पोती-बॅगा रचल्यात का. आणि काच फोडायचा हातोडा जागेवर आहे का. नसेल तर क्लीनरला विचारा. तो "काही होत नाही जी" म्हणेल. तरी विचारा, चार जणांनी विचारलं की पाचव्या दिवशी हातोडा येतो. काच मधोमध नाही, कोपऱ्याजवळ मारायची, तिथं ती लवकर तडकते. स्लीपरमध्ये बूट पायाशीच ठेवा, फुटलेल्या काचेवरून अनवाणी चालणं सोपं नसतं.

रेल्वेचं गणित थोडं वेगळं. मुंबईला जाताना आपण कसारा घाटातल्या बोगद्यांतून जातो, ते लहान आहेत. कोकण रेल्वेवर रत्नागिरीजवळचा करबुडे साडेसहा किलोमीटरचा. डब्यात धूर दिसला की आपला हात साखळीकडे जातो, पण गाडी बोगद्यात असेल तर ती तिथंच थांबणं हेच सगळ्यात वाईट. जगभर प्रयत्न असतो तो गाडी उघड्यावर काढण्याचा. तोवर शेजारच्या डब्यात जा, मधलं दार लावून घ्या, टीटीई किंवा गार्डला कळवा. आणि खात्री न करता रुळावर उडी नाही. २२ जानेवारी २०२५ ला जळगाव जिल्ह्यात पाचोऱ्याजवळ पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची अफवा पसरली, लोक खाली उतरले आणि शेजारच्या रुळावरून कर्नाटक एक्स्प्रेस आली. किमान १२ जण गेले. आग नव्हतीच.

उतरायची वेळ आलीच तर कुठल्या बाजूला, याचं एक भयंकर उदाहरण ऑस्ट्रियातलं आहे. काप्रून, ११ नोव्हेंबर २०००. डोंगरावर स्कीइंगला नेणारी, चढणीच्या बोगद्यातली छोटी रेल्वे. मागच्या, म्हणजे खालच्या टोकाच्या रिकाम्या केबिनमध्ये हीटरमुळे आग लागली. लोक आगीपासून दूर, म्हणजे वर पळाले. कुणीही तेच केलं असतं. पण चढणीचा बोगदा म्हणजे चुलीचं धुराडं, धूर त्यांच्यापेक्षा वेगाने वर गेला. १५५ जण गेले. १२ जण वाचले, आणि ते आगीच्या बाजूने खाली उतरलेले होते. मामांना हे सांगितलं तर ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "इनक्लाइनमध्ये आम्हीही हेच सांगायचो पोरांना. पाय कुठं पळतात ते नाही, हवा कुठून येते ते बघ."

आता तो दिवा. खाणीत खाली किती माणसं आहेत हे दिव्याच्या हुकांवरून एका मिनिटात कळतं. तुमच्या ट्रॅव्हल्समध्ये आज रात्री किती जण आहेत? ॲपवर बुक केलेले, वाटेत जांब-वर्ध्याला चढलेले, केबिनमध्ये ड्रायव्हरच्या बाजूला बसवलेले, सगळ्यांची एकत्र यादी कुठंच नसते. बाहेर आलेली माणसं मोजून आत कुणी राहिलं का हे सांगणारं कुणी नसतं, आणि अग्निशमनवाल्यांना आत शिरताना तेच सगळ्यात आधी हवं असतं. यावर माझ्याकडे मोठा उपाय नाही. छोटा आहे. घरच्या ग्रुपवर बसचा नंबर आणि सीट नंबर टाकून ठेवा, आणि शेजारच्या बर्थवरच्या माणसाशी दोन शब्द बोला, म्हणजे रात्री गडबडीत "तो वरचा बर्थवाला कुठं गेला?" असं विचारणारं निदान एक माणूस असेल.

पुढच्या भागात मामांचे कापलेले दीड तास ऐकायचे असतील तर मेसेज करा. बाप्पा, त्यात बल्लारपूरच्या खदानीतल्या उंदरांची एक भारी गोष्ट आहे.